ऑस्ट्रियात अडकलेला ट्रक

"चहा नंतर. आधी माझा ट्रक बघ," आई दारातच म्हणाली.

मी पुण्याहून पहाटेच्या एसटीने निघून बार्शीला पोचले होते. खांद्यावरची बॅगसुद्धा अजून उतरवली नव्हती.

"कुठं आहे ट्रक?"

"ऑस्ट्रियात. घाटात चढलं की बंद पडतोय. आठवडा झाला, द्राक्षं तशीच पडून आहेत गाडीत."

"आई, ती खरी द्राक्षं नाहीत."

"मला कळतंय ते. तू चप्पल काढ आणि ये आत."

हा ट्रक लॅपटॉपमधला होता. लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा, नीलेशचा. इंजिनिअरिंगला असताना त्याने तो गेम खेळण्यासाठी घेतला होता आणि घरी मात्र प्रोजेक्टसाठी म्हणून सांगितलं होतं. पुढे त्याला चेन्नईला नोकरी लागली, कंपनीने दुसरा लॅपटॉप दिला आणि हा घरी राहिला. त्यात ट्रक चालवायचा एक गेम होता. एका देशातून माल भरायचा, दुसऱ्या देशात नेऊन उतरवायचा. जाताना नीलेशने गंमत म्हणून आईला तो लावून दिला आणि आई त्यात पार अडकली. फोन केला की "आत्ता बोलू शकत नाही, मी हायवेला आहे" असं सांगायची. मी ऑफिसात ते सगळ्यांना सांगून हसायचे.

मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रामांतल्या चुका शोधायच्या. घरच्यांच्या लेखी मात्र मी 'कंप्युटरमधली' होते, आणि कंप्युटरमधल्या माणसाला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करता यायला हवं. आईने त्या आठवड्यात इतके फोन केले की मी शेवटी शुक्रवारी सुट्टी टाकली.

लॅपटॉप होता तो तिच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. टेबलावर एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, आणि त्याच्यावर लेस लावलेलं झाकण. कीबोर्डवरच्या काही बटणांना तिने कापडाचे बारीक तुकडे चिकटवले होते. लाल म्हणजे ब्रेक, हिरवा म्हणजे हॉर्न.

टेबलाशेजारी, अगदी चिकटून, अण्णांची खुर्ची होती आणि खुर्चीत अण्णा बसले होते. मी पाया पडले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि मान हलवली.

अण्णांनी उभा जन्म ट्रकवर काढला. स्वतःची गाडी होती. बार्शीची तूरडाळ घेऊन चेन्नई, कोलकाता, एकदा तर थेट गुवाहाटी. मागच्या दिवाळीत त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द गेले. कळायचं सगळं, पण मनातला शब्द तोंडात येईपर्यंत वाटेत बदलून जायचा. दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा त्यांना पाणी हवं होतं आणि तोंडातून आलं 'डिझेल'. भेटायला आलेले पाहुणे हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण त्या दिवसापासून अण्णांनी तोंड मिटलं ते मिटलंच. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, बोलतं करा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. मी पुण्याहून चित्रांची कार्डं आणली होती. सफरचंद, घड्याळ, मांजर. गुवाहाटीपर्यंत गाडी नेलेल्या माणसाने ती सफरचंदं आणि मांजरं नीट बघितली आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली.

मी लॅपटॉप चालू केला. आई मागे उभी.

"बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?"

"पडदा काळा होतो. आतला पंखा बोंबलत राहतो."

"लगेच?"

"नाही गं. सरळ रस्त्याला बरा चालतो. डोंगर लागला, झाडी आली की आधी चित्र थरथरतं, मग काळं."

ऑफिसात लोक यापेक्षा वाईट तक्रारी लिहून पाठवायचे. मी तिला तसं म्हणाले तर ती म्हणाली, "कौतुक नको, दुरुस्त कर."

लॅपटॉपमध्ये चित्र दाखवणारी दोन कार्डं होती. एक लहान, साध्या कामाचं. दुसरं मोठं, गेमसाठीचं. मोठं कार्ड डोंगर आणि झाडं काढताना धापा टाकत होतं, एवढं तर दिसत होतं. मी आत जाऊन पाहिलं.

"ड्रायव्हर जुना झालाय," मी म्हणाले. "सगळा घोळ तोच करत असणार. आधी त्याला पूर्ण काढून टाकते, मग नवीन घालू."

मी मागे वळून बघितलं. अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते.

"अण्णा, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम."

"नीट सांगत जा बाई," आई म्हणाली. "या घरात ड्रायव्हर जुना झाला म्हणून कुणी काढून टाकत नाही."

अण्णांनी तोंड खिडकीकडे वळवलं, पण ओठांचा डावा कोपरा हलला होता.

नवा ड्रायव्हर माझ्या मोबाइलच्या नेटवरून उतरता उतरता जेवणाची वेळ झाली. आईने शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केली होती. जेवताना तिने दोनदा उठून किती टक्के झालं ते बघितलं. एरवी ती ताटावरून कुणाला उठू द्यायची नाही.

"एवढं काय आहे त्या गेममध्ये?" मी विचारलं.

"वेळ जातो."

"टीव्ही बघ की."

"टीव्हीत मला काही करायला मिळत नाही," ती म्हणाली आणि अण्णांच्या ताटात भाकरी कुस्करायला लागली.

नवीन ड्रायव्हर बसला. आता बिघाड राहिलाय का ते बघायचं तर तो होतो तिथेच गाडी न्यायला हवी. मी स्वतःच खुर्ची ओढून बसले. आई म्हणाली, "मी चालवते." मी म्हणाले, "नको, मला बघू दे कधी काय होतंय ते." ती जरा घुटमळली, अण्णांकडे बघितलं आणि मागे सरकली.

मी आयुष्यात स्कूटी सोडून काही चालवलेलं नव्हतं. द्राक्षांचा तो लांबलचक ट्रक मी पेट्रोल पंपातून काढतानाच एका खांबाला घासला. चढ कसाबसा चढले. पंख्याचा आवाज वाढत होता, चित्र अजून ठीक होतं. मग उतार लागला. गाडीने वेग धरला, मी लाल कापडाचं बटण दाबून धरलं, गाडी काही आवरेना. समोर वळण आलं.

"गिअर," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

मी बटण दाबतच राहिले.

"खालचा... खालचा गिअर टाक, आंधळे!"

पडदा काळा झाला.

पंखा तेवढा घरघरत होता. मी हळूच मान वळवली. अण्णा खुर्चीत पुढे झुकले होते, डावा हात हवेत, जिथे गिअरचा दांडा असायला हवा तिथे. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली तसा त्यांनी हात खाली घेतला आणि दुसरीकडे बघायला लागले.

सात-आठ महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"बघितलंस ना," आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घाटातच बंद पडतो. चल, चहा टाकते."

स्वयंपाकघरात तिने दार लोटून घेतलं आणि गॅस पेटवला.

"आई, अण्णा बोलले."

"हळू बोल."

"तुला माहीत होतं?"

तिने आलं ठेचलं, दुधाचं पातेलं काढलं, आणि मग सांगायला लागली. नीलेश गेल्यावर एका दुपारी काज-बटणं करून कंटाळली म्हणून तिने तो गेम लावला. तिकडच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. नीलेशने तिला ते सांगून ठेवलं होतं, म्हणून ती उजवीकडून निघाली. अण्णा मागे पलंगावर पडले होते.

"एकदम आवाज आला, 'डावीकडनं!' मला वाटलं कोण आलं घरात. बघते तर हे उठून बसलेले. मी म्हटलं, अहो तिकडं उजवीकडनंच चालतात. तर म्हणतात, 'येड्यांचा देश.'" ती चहात साखर टाकताना थांबली. "चार महिन्यांनी तोंड उघडलं, तेही भांडायला. आणि त्यातही चूक त्यांचीच."

दुसऱ्या दिवशी तिने त्यांची खुर्ची टेबलाशेजारी आणून ठेवली. रोज संध्याकाळी ती गाडी काढायची आणि अण्णा शेजारी बसून तिला रागवायचे. एरवी दिवसभर एक अक्षर नाही. गाडी सुरू झाली की इंडिकेटर दे, आरसा बघ, त्या लाल गाडीच्या मागं लागू नको. शब्द अडायचे, उलटेसुलटे व्हायचे, पण गाडी थांबत नसते, त्यामुळे लाजायला त्यांना वेळच मिळायचा नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मोबाइल काढून व्हिडिओ केला असतास. आत्याला पाठवला असतास. आत्याने अकलूजच्या पाहुण्यांना पाठवला असता. ह्यांना कळलं असतं की संपलं." तिने चहा गाळला. "आठवडाभर गाडी बंद आहे, तर हे पुन्हा पहिल्यासारखे झालेत. आज तुझ्यावर ओरडले म्हणून बरं वाटलं मला. तू चालवतेस मात्र फार वाईट."

मी चहा घेऊन बाहेर आले आणि लॅपटॉप उलटा केला.

पेचकस तिच्या मशीनच्या डब्यातच मिळाला. मागचं झाकण उघडलं आणि मी आईला हाक मारली. पंख्याच्या पात्यांमध्ये आणि हवा बाहेर पडायच्या जाळीवर दोऱ्यांचा आणि कापडाच्या धुळीचा जाड थर बसला होता. गुलाबी, मोरपंखी, हळदी. चार महिन्यांतले गल्लीतले सगळे ब्लाउज त्यात होते.

"हा शालन काकूंच्या भाचीच्या लग्नातला," आई वाकून म्हणाली. "ही जरीची तार त्याचीच."

"याला श्वास घ्यायला जागा नाही, आई. कार्ड तापतं आणि जळायला नको म्हणून स्वतःच बंद पडतं."

मशीन साफ करायच्या ब्रशने मी सगळं झाडून काढलं. कार्डाची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खपली झाली होती. स्टँडजवळच्या कंप्युटरच्या दुकानातून नवी ट्यूब आणून लावली. झाकण बसवलं, चालू केलं. पंखा शांत झाला होता. या वेळी आईने गाडी घेतली. चढ गेला, उतार गेला, वळण गेलं. पुढच्या बोगद्याशी मात्र पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, आकाशाचे तुकडे जागा सोडून दुसरीकडे गेले, आणि पुन्हा काळं.

"आता काय?" आई म्हणाली.

आता मला मनातून वाटत होतं ते खरं ठरत होतं. इतके दिवस तापून कार्ड आतून खराब झालं होतं. लहान कार्डावर गेम चालतो का ते बघितलं, तर ट्रक बेडकासारखा उड्या मारत निघाला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"कार्ड दमलंय," मी आईला सांगितलं. "बदलता येत नाही, बोर्डालाच जोडलेलं असतं. त्याचं काम कमी केलं तर चालेल बहुतेक."

"म्हणजे कसं?"

"चित्रातल्या काही गोष्टी काढून टाकायच्या. कार्डाला जेवढं कमी रेखाटावं लागेल तेवढं ते कमी तापेल."

मी सेटिंग उघडली. आई ब्लाउज बेतताना बसते तशी बसली.

"सावल्या?" मी विचारलं.

"काढ. सावलीचं काय करायचंय."

"पाऊस?"

"काढ."

"गवत, लांबची झाडं?"

"काढ."

"रस्त्यावरची माणसं?"

"ती काढ आधी. मध्ये येतात."

"आरसे," मी म्हणाले. "हे सगळ्यात जड आहेत. मागचं सगळं दृश्य कार्डाला पुन्हा वेगळं रेखाटावं लागतं, दोन्ही बाजूंचं. हे बंद केले की..."

"नाही."

हे आई म्हणाली नव्हती. आम्ही दोघी अण्णांकडे वळलो. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. ते पडद्याकडे बोट दाखवत होते आणि शब्द शोधत होते. गालावरची शीर हलत होती. मी काही बोलणार तोच आईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

"घड्याळ," अण्णा म्हणाले. मग मान जोरात हलवली, चिडले. "नाही... घड्याळ नाही. मागचं." पुन्हा थांबले. "आरसा. आरसा पाहिजे. नसला तर... गाडी नाही."

"ऐकलंस ना," आई मला म्हणाली. "आरसा राहू दे. दुसरं काय काढायचं ते काढ."

मग आम्ही डोंगरांचा हिरवा रंग काढला, ढग काढले, दुसऱ्या गाड्यांची चमक काढली, घरांच्या खिडक्या काढल्या. शेवटी ऑस्ट्रिया म्हणजे करड्या ढेकळांमधून जाणारा एक डांबरी रस्ता उरला. पण दोन्ही बाजूंचे आरसे लख्ख होते.

संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर आईने गाडी काढली. मी मागे पलंगावर मासिक उघडून बसले, आईने तसं बजावलंच होतं. अण्णांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं.

आईने इंडिकेटर न देता गाडी रस्त्यावर घातली.

"इंडि... इंडिकेटर."

"राहिलं," आई म्हणाली.

"रोजच राहतं."

पुढे तिने एका टँकरला चुकीच्या जागी ओव्हरटेक केलं, टोलनाक्याच्या चुकीच्या लेनमध्ये शिरली, वळणावर लाईट लावायला विसरली. अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. 'टँकर'ला त्यांनी 'बादली' म्हटलं, स्वतःच दुरुस्त केलं आणि पुढे गेले. बोगदा आला आणि गेला. पडदा काळा झाला नाही. कुठल्याशा गावात द्राक्षं उतरली तेव्हा आईने गाडी मागे घेताना एक भिंत पाडली, आणि अण्णा जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पण ते पूर्ण वाक्य होतं. मासिकामागे मी तोंड लपवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मशीनच्या टेबलाकडून बटणांचा टकटक आवाज ऐकू आला. अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. आई एकटी बसली होती, गेमचा आवाज पूर्ण बंद करून. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, तिला कळलं नाही.

ती एवढा लांब ट्रेलर उलटा घेत होती, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत. एकदा या आरशात, एकदा त्या आरशात बघत. ट्रेलर अलगद वळला आणि सुईत दोरा जावा तसा आत गेला. कुठे घासला नाही, कुठे टेकला नाही. मग ती बाहेर पडली, इंडिकेटर दिला, दोन्हीकडे बघितलं आणि एका टँकरला रीतसर वाट दिली.

"आई," मी म्हणाले.

ती दचकली. मग गाडी बाजूला घेतली, ब्रेक लावला, सगळं नीट केलं आणि वळली.

"तुला तर येतंय चालवायला."

"येणारच. चार महिने रोज चालवतेय."

"मग काल?"

तिने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"मला सगळं यायला लागलं तर ते काय बोलतील?" ती हळू आवाजात म्हणाली. "रोज एक नवी चूक शोधावी लागते, तृप्ती. जुन्या चुकीला त्यांचा जुनाच शब्द येतो. म्हणून सकाळी एकदा रस्ता बघून ठेवते. कुठं काय चुकता येईल ते." मग जरा त्रासून म्हणाली, "कालची भिंत मात्र चुकून पडली बरं का. आरशात बघत होते, पण मागचा रंग तूच काढून टाकलास, भिंत कळलीच नाही."

त्या लॅपटॉपने आणखी दोन वर्षं काढली. नंतर नीलेशने नवा पाठवला. त्यात पाऊस होता, सावल्या होत्या, गवत वाऱ्याने हलायचं. अण्णांचं बोलणं पहिल्यासारखं झालं नाही, पण हळूहळू गाडी बंद असतानाही बोलायला लागले. आधी आईशी, मग शेजाऱ्यांशी, फोनवर माझ्याशी. शब्दासाठी थांबावं लागायचं, समोरचा थांबायचा. आई तोवर त्या गेममधले बहुतेक देश फिरून आली होती आणि अजूनही दर संध्याकाळी टोलनाक्यावर चुकीच्या लेनमध्ये शिरत होती.

एका मे महिन्यात मी माहेरी गेले होते. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. अण्णा आणि मी ओट्यावर आंबे चोखत बसलो होतो.

"तुझी आई," अण्णा म्हणाले आणि थांबले. मी वाट बघितली. "चांगली चालवते."

मी हातातली कोय ताटलीत ठेवली. "काय?"

"गाडी. माझ्यापेक्षा... बरी. मागं घेताना तर..." त्यांनी डावा हात हळूच वळवून दाखवला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"ड्रायव्हरला कळतं. मुद्दाम चुकलेलं... वेगळं असतं. आधी आरसा बघते. मग चुकते."

"कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी हात लांबवर उडवला. फार पूर्वीपासून.

"मग रोज एवढं ओरडता कशाला तिच्यावर?"

अण्णांनी आंब्याने माखलेली बोटं पंचाला पुसली. हव्या त्या शब्दाला यायला बराच वेळ लागला. मी रस्त्याकडे बघत बसून राहिले.

"एवढी मेहनत करून... चुकते," ते म्हणाले. "ओरडायला नको?"